घरगुती बदकपालन आणि बदकाच्या मृत्यूनंतरचे कर्तव्य

गोव्यातील भातशेतीचा प्रदेश, गावोगावची तळी, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओहोळ आणि घरामागील परसू ही परिस्थिती बदकाच्या वाढीस अत्यंत अनुकूल आहे. अंडी व मांस यांच्या विक्रीसाठी केले जाणारे बदकपालन हा व्यवसायाचा विषय होय. परंतु अनेक घरांतून दोन-चार बदके केवळ हौसेखातर पाळली जातात. त्यांना नावे ठेवली जातात, ती मुलांच्या मागून अंगणभर फिरतात आणि थोड्याच दिवसांत घरातीलच होऊन जातात. अशा घरात एखादे बदक दगावले म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. ते कशामुळे मेले, हा पहिला. आणि त्याच्यावर जीव लावणाऱ्या मुलाची समजूत कशी घालावी, हा दुसरा. बहुधा दोन्ही प्रश्न टाळले जातात. मृत पक्षी नाल्यात किंवा माळावर टाकून दिला जातो आणि मुलाला ‘ते उडून गेले’ असे सांगितले जाते. वस्तुतः या दोन प्रश्नांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. मृत्यूचे कारण प्रामाणिकपणे शोधणे हेच उरलेल्या पक्ष्यांचे रक्षण आणि तेच दुःखी मनाचे खरे सांत्वन, ही गोष्ट प्रस्तुत लेखात विशद केली आहे.

बदकाच्या जाती व स्वभाव

मस्कोव्ही ही जात वगळता जगातील सर्व पाळीव बदके ‘मॅलार्ड’ या रानबदकापासून उत्पन्न झाली आहेत. मस्कोव्ही बदक मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील. त्याच्या चेहऱ्यावर लाल चामखिळीसारखी कातडी असते व त्याची मादी मोठ्याने ओरडत नाही. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेली खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात श्रीमती अडेल कॅम्पबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संकराने तयार केली. पांढरीशुभ्र पेकिन ही जात मूळची चीनमधील असून ती मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. केरळातील कुट्टनाडच्या पाणथळ भागात चारा व चेंबल्ली या देशी जाती पूर्वापार आहेत. तेथे भाताच्या कापणीनंतर बदकांचे मोठमोठे कळप शेतात चरावयास सोडतात.

मॅलार्डपासून आलेल्या जातींत नर-मादी ओळखणे सोपे असते. मादी ‘क्वॅक क्वॅक’ असा ठसठशीत आवाज करते, तर नराचा आवाज बसका व हलका असतो. प्रौढ नराच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसे दिसतात. एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात. नरांची संख्या अधिक झाल्यास माद्यांना इजा होते.

बदक हा कळपात राहणारा पक्षी आहे. एकटे बदक कधीही पाळू नये; निदान दोन-तीन तरी असावीत. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसाच्या अवधीतच पिल्लू समोर हलणाऱ्या प्राण्याला आई मानून त्याच्या मागे चालू लागते. या वर्तनाचा सखोल अभ्यास कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने केला व १९७३ साली प्राण्यांच्या वर्तनविषयक संशोधनाबद्दल त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पिल्लू मुलाच्या मागे मागे का धावते, याचे उत्तर येथे मिळते. पक्ष्याच्या बाजूने हे नाते जन्मापासूनचे असते आणि मुलाच्या बाजूनेही ते तितकेच उत्कट होत जाते. म्हणूनच अशा पक्ष्याचा मृत्यू ही घरातील मुलाच्या दृष्टीने क्षुल्लक घटना नसते.

पिल्लांचे संगोपन

बदकाची अंडी साधारणतः २८ दिवसांत व मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत उबतात. खाकी कॅम्पबेलसारख्या जातीच्या माद्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत. त्यामुळे खेड्यातून खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची प्रथा आहे. ती उपयुक्त असली तरी एक दक्षता घ्यावी लागते. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तेथील तेल चोचीने पिसांना लावल्याने ती पाण्यात भिजत नाहीत. बदकीखाली वाढणाऱ्या पिल्लांच्या लवेला आईच्या पिसांतील तेल लागते. कोंबडीखालच्या पिल्लांना ते मिळत नाही. अशी पिल्ले लवकर पाण्यात सोडल्यास भिजून गारठतात व दगावतात. म्हणून पहिले तीन-चार आठवडे त्यांना पोहण्याच्या पाण्यापासून दूर ठेवावे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी ३० ते ३२ अंश सेल्सियस उष्णता असावी. पुढे ती दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करीत जावी. पिल्ले दिव्याखाली एकावर एक गर्दी करून ओरडू लागली तर ऊब कमी आहे असे समजावे. चोच उघडी ठेवून दिव्यापासून दूर पळू लागली तर ती जास्त आहे. जमिनीवर भाताच्या तुसाचा कोरडा थर द्यावा व ओला झालेला भाग रोज बदलावा. गुळगुळीत कागदावर किंवा फरशीवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय घसरून फाकतात.

खाद्य व पाणी

बदकाला पोहण्यासाठी तळे असलेच पाहिजे असे नाही. मात्र पिण्याचे भांडे खोल हवे. प्रौढ पक्ष्याची चोच डोळ्यांपर्यंत बुडेल इतके, म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटर पाणी त्यात असावे. त्यामुळे नाकपुड्या व डोळे स्वच्छ राहतात. पिल्लांसाठी भांडे उथळ ठेवावे व त्यात गोटे घालावेत, म्हणजे ती बुडत नाहीत. पाण्याशिवाय खाद्य कधीही देऊ नये. कोरडे पीठ घशात अडकते. खाद्य थोडे ओलसर करून, एका वेळी संपेल इतकेच द्यावे.

भाताची कणी, तांदळाचा कोंडा, भरडलेला मका, पेंड व मासळीची कुटी यांचे मिश्रण, त्यासोबत हिरवा पाला, गोगलगायी व गांडुळे हा बदकाचा आहार होय. खारवलेली मासळी देऊ नये. मीठ बदकाला बाधते. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकाच्या पिल्लांना नायसिन या जीवनसत्त्वाची गरज अधिक असते. खाद्याच्या दर किलोग्रॅममागे ते सुमारे ५५ मिलिग्रॅम असावे. ते कमी पडल्यास पाय वाकतात व पिल्लू लंगडू लागते. अशा वेळी खाद्यात यीस्ट मिसळल्याने लाभ होतो. पाव हे बदकाचे अन्न नव्हे. त्याने पोट भरते, पोषण होत नाही.

सर्वांत मोठा धोका बुरशी लागलेल्या खाद्याचा असतो. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले अज्ञात कारणाने मेली. शोधाअंती ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी व तिने निर्माण केलेले विष आढळले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे असते की खाद्यातील विष ओळखण्याच्या परीक्षेसाठी शास्त्रज्ञ एक दिवसाची बदकाची पिल्लेच वापरीत असत. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात पेंड, मका व कोंडा यांना बुरशी येण्यास फार दिवस लागत नाहीत. म्हणून ही खाद्ये थोडीथोडीच आणावीत. पोती जमिनीला व भिंतीला न टेकविता फळ्यांवर ठेवावीत. कुबट वास आलेले, गाठी झालेले वा रंग बदललेले खाद्य उन्हात वाळवून अथवा शिजवून वापरण्याचा मोह टाळावा; उन्हाने वा शिजविण्याने हे विष नाहीसे होत नाही.

निवारा व शत्रू

दिवसा मुंगूस व घार, रात्री कोल्हा, रानमांजर व अजगर, आणि केव्हाही मोकाट कुत्री असे बदकाचे अनेक शत्रू आहेत. दिवस मावळताच बदके खुराड्यात घ्यावीत. बारीक व मजबूत जाळी चारही बाजूंनी लावून तिची कड जमिनीत गाडावी. दाराला केवळ कडी न ठेवता खिट्टी घालावी व ती घातली की नाही हे मोठ्या माणसाने रोज पाहावे. मादी बहुधा रात्री व पहाटे अंडे घालते; म्हणून सकाळी नऊच्या सुमारास बदके बाहेर सोडल्यास अंडी खुराड्यातच मिळतात. अंगणात खिळे, तारांचे तुकडे, गळाला बांधावयाचे शिशाचे मणी पडलेले असू नयेत. चमकणारी वस्तू बदक गिळते व शिशाची विषबाधा प्राणघातक ठरते.

आजाराची लक्षणे

आजारी बदक आपला आजार फार काळ लपविते. म्हणून रोज सकाळी बदके सोडताना दोन मिनिटे उभे राहून प्रत्येकाकडे पाहण्याची सवय ठेवावी. जे मागे राहते, खात नाही, पिसे फुगवून बसते वा लंगडते, त्याला वेगळे करून पशुवैद्यकास दाखवावे.

बदक-प्लेग या विषाणुजन्य रोगात तहान फार लागते, हिरवट पातळ हगवण होते, पक्ष्याला उजेड सहन होत नाही व मृत्यूचे प्रमाण मोठे असते. त्यावर औषध नाही, परंतु प्रतिबंधक लस आहे. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी. बदकांचा पटकी रोग जिवाणूंमुळे होतो व त्यात पक्षी अकस्मात मरतात. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात कुजलेले प्राणी वा त्यातील अळ्या खाण्यात आल्यास बोट्युलिझमची बाधा होते. तीत मान लुळी पडते व पक्ष्याला डोके उचलता येत नाही. अशी डबकी कुंपण घालून बंद करावीत.

बर्ड फ्लूचा विचार स्वतंत्रपणे करणे अवश्य आहे. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत आढळला. २०१४ साली केरळातील कुट्टनाड भागात त्याने बदकांचे कळप ग्रासले. कधीकधी बदक स्वतः निरोगी दिसत असतानाही या विषाणूंचा प्रसार करते. आणि माणसालाही या रोगाची बाधा होऊ शकते.

एक उदाहरण

वरील माहिती प्रत्यक्ष प्रसंगी कशी उपयोगी पडते हे समजण्यासाठी डिचोली तालुक्यातील एखादे शेतकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. जूनच्या आरंभी घरच्या कोंबडीखाली बदकाची पाच पिल्ले निघाली. पाचवीत शिकणाऱ्या मुलीने त्यांतील एकाच्या कपाळावरील तपकिरी ठिपक्यावरून त्याचे नाव ‘टिळ्या’ ठेवले. शाळेतून आल्यावर ती स्वतःच्या हाताने सर्वांना पेंड चारी आणि टिळ्याला एक मूठ अधिक देई. तिसऱ्या आठवड्यात टिळ्याने खाणे सोडले. तो लंगडू लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मान मागे ताणलेल्या स्थितीत मेलेला आढळला.

आजी म्हणाली, दृष्ट लागली. वडील पिल्लू ओहोळात टाकावयास निघाले. मुलीने ते हातचे सोडले नाही. “टिळ्या कशानं मेला ते मला कळायला हवं,” एवढेच ती म्हणत राहिली. अखेर वडिलांनी ते पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. शवविच्छेदनात यकृत फिकट व सुजलेले दिसले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न खाद्याविषयी विचारला. पडवीतील भिंतीला टेकवून ठेवलेले, मे महिन्यात आणलेले पेंडीचे पोते उघडून पाहता तळाशी हिरवट-पिवळी बुरशी होती. नमुना तपासणीसाठी पाठविण्यात आला. परंतु अहवालाची वाट न पाहता ती पेंड त्याच दिवशी बंद करण्यात आली. या विषावर उतारा नाही. खाद्य बदलणे हाच उपाय. उरलेली चार पिल्ले वाचली.

त्या रात्री मुलीने आईला विचारले, “टिळ्याला मी जास्त दिलं म्हणून तोच मेला ना?” या प्रश्नाला ‘छे, तसे काही नाही’ असे उत्तर देणे सोपे होते, पण ते खरे नव्हते आणि मुलीला ते पटलेही नसते. आईने सांगितले, “दिलंस ते खरं. पण ते मायेनं दिलंस. पोतं कुठं ठेवायचं हे आम्ही ठरवलं होतं. पेंड खराब झाली हे तुला कळण्यासारखं नव्हतं. आम्हाला कळायला हवं होतं. आणि तू त्याला ओहोळात टाकू दिलं नाहीस, म्हणून बाकीची चार आहेत.” मुलगी पुष्कळ रडली. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांबरोबर पोत्यांसाठी फळ्या मांडल्या.

या उदाहरणातील बोध स्पष्ट आहे. मुलीचे दुःख आणि मृत्यूच्या कारणाचा शोध या दोन भिन्न गोष्टी नव्हत्या. तिला दुःख झाले म्हणूनच कारणाचा शोध घेतला गेला.

मृत्यूनंतर प्रथम काय करावे

मृत पक्षी उघड्या हातांनी हाताळू नये. हातमोजे अथवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी व नंतर हात साबणाने धुवावेत. इतर बदकांना त्या जागेपासून दूर करावे. एकच पक्षी मेला असून कारण समजत नसेल तर शव पिशवीत बंद करून बर्फाशेजारी ठेवावे व शक्य तितक्या लवकर दवाखान्यात न्यावे. ते गोठवू नये. गोठविल्याने आतील अवयव तपासणीस निकामी होतात. घरी चिरून पाहण्याचा प्रयत्न करू नये.

एकाहून अधिक पक्षी अकस्मात मेले, किंवा परिसरात कोंबड्या, कावळे अथवा रानपक्षी मरत असतील, तर शव कोठेही न हलविता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास ताबडतोब कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाविषयीच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अनुसूचित रोगांची खबर देणे हे पालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. बर्ड फ्लूचे निश्चित निदान भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत केले जाते. खबर देण्यास संकोच केल्यास हानी केवळ स्वतःच्या घराची न होता साऱ्या गावाची होते.

तपासणीनंतर पुरावयाचे झाल्यास विहीर, तळे व ओहोळ यांपासून दूर, उंचवट्यावर सुमारे एक मीटर खोल खड्डा घ्यावा, शवावर चुना टाकावा व माती दाबून वर जांभ्या दगडाचे चिरे ठेवावेत, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मुलाची इच्छा असल्यास त्याला खड्ड्यापासून थोड्या अंतरावर उभे राहू द्यावे. वर एखादे रोप लावणे हे स्मरणही होते व जागेची खूणही.

मुलांशी बोलताना

हंगेरीतील मुलांच्या मृत्युविषयक कल्पनांचा मारिया नागी यांनी केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला प्रवास किंवा झोप समजतात व गेलेला परत येईल अशी त्यांची अपेक्षा असते, असे त्यात आढळले. म्हणून लहान मुलाला ‘बदक झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ असे सांगू नये. पहिल्या उत्तराने मूल झोपेला भिते. दुसऱ्याने ते रोज वाट पाहत राहते. ‘ते मेले, त्याचे शरीर आता काम करीत नाही, त्याला आता दुखत नाही, ते परत येणार नाही’ असे साध्या शब्दांत सांगावे. तोच प्रश्न मूल पुन्हा पुन्हा विचारील. त्याला तेच उत्तर न कंटाळता द्यावे.

‘एवढ्याशा बदकासाठी काय रडायचे’ हे वाक्य घरात उच्चारू नये. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही ते अधिक काळ सलते, ही गोष्ट अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडली. हे प्रौढांनाही लागू आहे. एकाकी वृद्धाच्या अंगणातील बदक दहा वर्षे व त्याहूनही अधिक जगू शकते. ते गेल्यावर त्या अंगणात निर्माण होणारी शांतता शेजाऱ्यांनी ओळखावी. असाध्य वेदनेतील जराजर्जर पक्ष्याला पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देण्याचा निर्णय घ्यावा लागल्यास त्याची खंत बाळगू नये. तोही सांभाळाचाच अखेरचा भाग होय.

उरलेली बदके

सोबती गेल्यावर उरलेले बदक काही दिवस हाका मारीत फिरते, कमी खाते वा नेहमीच्या जागी थांबून राहते. या काळात त्याच्या खाण्यावर व विष्ठेवर लक्ष ठेवावे. कारण दुःखाचे व आजाराचे पहिले लक्षण एकच, ते म्हणजे अन्नावरून मन उडणे. एकच बदक उरले असल्यास त्याला सोबत आणावी. मात्र पहिल्याच्या मृत्यूचे कारण कळून ते दूर केल्याशिवाय नवा पक्षी आणू नये, आणि आणलेला पक्षी सुमारे एक महिना वेगळा ठेवून मगच मिसळावा. नव्या पक्ष्याला जुन्याचे नाव देऊ नये. मुलाला त्याची ओढ आपोआप लागू द्यावी.

समारोप

बदक पाळणाऱ्याने मृत्यूची तयारी दोन प्रकारे ठेवावी. जवळच्या दवाखान्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक खुराड्याजवळ लिहून ठेवावा. आणि खाद्य, लस, अंडी व आजार यांची एक लहानशी नोंदवही ठेवावी. ती लिहिण्याचे काम घरातील मुलाकडे द्यावे. एखादे बदक गेले तर त्या वहीत त्याचे नाव, दिवस व कळलेले कारण लिहावे आणि त्याखाली, पुढे कोणती काळजी घ्यावयाची तेही लिहून ठेवावे. त्या नोंदीवरून पुढच्या पिल्लांचे रक्षण होते आणि गेलेल्या पक्ष्याची आठवणही घरात राहते.